सनद कुठे आहे?

मुसलमानांविषयी बोलताना या राज्यात सगळेच आकड्यांत बोलतात. मदरशात किती मुले जातात, घरात किती मुले जन्मतात, तुरुंगात किती जण आहेत, किती बायकांना तलाक मिळाला, प्रत्येकाच्या खिशात आकडा तयार असतो. आमचे विरोधक आकडे फेकतात, आमचे कैवारी फेकतात आणि आमच्याच जलशांतून बोलणारे वक्तेही यात मागे नाहीत. मात्र हा आकडा कोणी मोजला, कुठे मोजला, किती घरांत जाऊन मोजला, प्रश्न नेमका काय विचारला होता, असे विचारले की सभेत शांतता पसरते. आम्हाला या शांततेविषयीच बोलायचे आहे.

ज्या समाजाच्या ज्ञानपरंपरेचा पायाच सनद आहे, त्या समाजात असे व्हावे याचे जास्त वाईट वाटते. हदीसच्या अभ्यासकांनी मतनाबरोबर सनद सांभाळली. कोणी सांगितले, त्याने कोणाकडून ऐकले, ते दोघे एकमेकांना भेटले असणे शक्य आहे का, सांगणाऱ्याची स्मरणशक्ती कशी होती, त्याचा व्यवहार कसा होता, याची त्यांनी छाननी केली. रावींच्या माहितीचे ‘अस्मा-उर-रिजाल’ हे स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. इमाम बुखारींनी आपल्या हदीससंग्रहाखेरीज ‘अत-तारीख अल-कबीर’ हा रावींचा चरित्रकोश लिहिला. इब्न अल-जौजी यांनी तर बनावट ठरलेल्या हदीसांचा वेगळा ग्रंथ केला. म्हणजे जे नाकारले, तेही का नाकारले हे सांगून पुढच्या पिढीच्या हाती दिले. आज आमच्याविषयी जे संशोधन होते, त्यातले मतन तेवढे आमच्यापर्यंत येते. सनद कुलपात राहते.

हे कुलूप कुठे लागते ते पाहू. संशोधन म्हटले की आपल्या विद्यापीठांत दोनच गोष्टी मोजल्या जातात, पीएच.डी.चा प्रबंध आणि नियतकालिकातला लेख. नोकरी, बढती, मानसन्मान सगळे त्यांवर ठरते. पण प्रबंध काही हवेतून उतरत नाही. त्यामागे भरून घेतलेल्या प्रश्नावल्या असतात, मुलाखतींच्या ध्वनिफिती असतात, टिपणवह्या असतात, कोष्टके असतात, बोलीभाषेच्या शब्दयाद्या असतात, शिलालेखांचे ठसे आणि त्यांची वाचने असतात, हस्तलिखितांच्या नकला असतात, नकाशे, वंशावळी, छायाचित्रे असतात. त्याखेरीज एम.फिल.चे लघुप्रबंध आहेत, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पैशातून झालेल्या छोट्या प्रकल्पांचे अहवाल आहेत, परिसंवादात वाचून घडी घालून ठेवलेले निबंध आहेत, स्वयंसेवी संस्थांनी वस्त्यांतून केलेल्या पाहण्या आहेत. या सगळ्याला कोणी संशोधन म्हणत नाही. म्हणून ते जपायची जबाबदारीही कोणाची नसते. संशोधक निवृत्त होतो, घर बदलते, ट्रंक माळ्यावर जाते, मुलगा-सून एक दिवस रद्दीवाल्याला बोलावतात.

प्रबंधांपुरती परिस्थिती सुधारली आहे, हे मान्य केले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ भांडारात आज पाच लाखांवर प्रबंध कोणालाही फुकट वाचता येतात. हे मोठे काम आहे. तरी मराठी प्रबंधांच्या बाबतीत त्याला दोन भोके आहेत. पहिले असे की जुने मराठी प्रबंध युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेले किंवा नुसते स्कॅन केलेले असतात. त्यामुळे ‘तांबोळी’ किंवा ‘दख्खनी’ हा शब्द शोधायला गेले तर पानावर असूनही सापडत नाही. दुसरे असे की तिथे प्रबंध येतो, त्यामागची सामग्री येत नाही. परिशिष्टात कोरी प्रश्नावली जोडलेली असते, भरलेल्या प्रश्नावल्यांचे काय झाले याचा पत्ता नसतो. एम.फिल. तर २०२२ च्या नियमांनी बंदच झाली. मुस्लिम मराठी साहित्यावर, मुस्लिम ओबीसींवर, कोकणी मुसलमानांच्या बोलीवर आमच्या तरुणांनी ज्या पदवीसाठी कामे केली, ती पदवी गेली आणि तिचे लघुप्रबंध महाविद्यालयांच्या कपाटांत राहिले.

कोणी म्हणेल, हे सगळे अभ्यासकांचे दुखणे आहे, सामान्य मुसलमानाचा त्याच्याशी काय संबंध? संबंध किती जवळचा आहे हे सच्चर समितीच्या उदाहरणावरून कळावे. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांची समिती मार्च २००५ मध्ये नेमली गेली आणि तिचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेपुढे आला. तोपर्यंत ‘मुसलमानांची मुले मदरशात जातात, म्हणून मागे राहतात’ हे वाक्य शहाणीसुरती माणसेही बिनधास्त बोलत. समितीने कोष्टके मांडली आणि मदरशात जाणाऱ्या मुलांचे प्रमाण तीन-चार टक्क्यांच्या आसपास निघाले. हे कसे घडले? समितीने मदरसा आणि मकतब यांतला फरक केला. सकाळी मशिदीत कुरआन शिकून नंतर नगरपालिकेच्या शाळेत जाणाऱ्या मुलाला लोक मदरशाचा विद्यार्थी समजत होते. सगळा घोळ व्याख्येत होता आणि कोष्टकामागची व्याख्या उघड झाली म्हणून तो मिटला. नुसता एक आकडा जाहीर झाला असता, तर तो एका बाजूचा आकडा ठरून वादात बुडाला असता.

याच समितीने शिफारस केली होती की देशातल्या सर्व सामाजिक-धार्मिक गटांची आकडेवारी एका राष्ट्रीय माहितीकोशात ठेवावी आणि ती लोकांना खुली असावी. आरक्षण, शिष्यवृत्त्या, पंधरा कलमी कार्यक्रम यांवर आमच्या पुढाऱ्यांनी गेल्या वीस वर्षांत हजारो भाषणे केली. या एका शिफारशीसाठी मोर्चा निघाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आणि त्याच समितीचे दुसरे उदाहरण पाहा. तुरुंगातल्या मुस्लिम कैद्यांची माहिती समितीने राज्यांकडून मागवली होती. अंतिम अहवालात ती आली नाही. महाराष्ट्राच्या तुरुंगांतले मुसलमानांचे प्रमाण ३२.४ टक्के असल्याचे लोकांना वृत्तपत्रांतून कळले, तेव्हा राज्याच्या लोकसंख्येत मुसलमान १०.६ टक्के होते. सनदेवाचून आलेल्या या आकड्याचे काय झाले? एका बाजूने म्हटले, ‘बघा, हे गुन्हेगारच.’ दुसऱ्या बाजूने म्हटले, ‘बघा, पोलीस पक्षपाती.’ यांत कच्चे कैदी किती, जामिनाला पैसे नसल्याने अडकलेले किती, वकील न मिळालेले किती, हे विचारायला कोणाच्या हाती कागद नव्हता. पुढे राज्य अल्पसंख्याक आयोगाने टाटा समाजविज्ञान संस्थेकडून २०११ मध्ये या कैद्यांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा अभ्यास करून घेतला. त्यावरचा लेख २०१३ मध्ये एका इंग्रजी साप्ताहिकात आला. अभ्यास महत्त्वाचा होता. पण ज्या आयांची मुले आर्थर रोड किंवा हर्सूलमध्ये आहेत, त्यांच्या मोहल्ल्यापर्यंत त्यातले काय पोहोचले? त्या मोहल्ल्यात कायदेविषयक मदत केंद्र चालवणाऱ्या कार्यकर्त्याला इंग्रजी लेखाचा उपयोग थोडा. त्याला तुरुंगवार, कलमवार कोष्टक मिळाले तर तो उद्या न्यायाधीशापुढे उभा राहील.

‘इम्पिरिकल डेटा’ हे शब्द २०२१ साली महाराष्ट्रात चहाच्या टपरीपर्यंत पोहोचले. सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांतील ओबीसी आरक्षणासाठी मोजता येईल असा पुरावा मागितला. राज्य सरकारने केंद्राकडे २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेची कच्ची आकडेवारी मागितली. ती चुकांनी भरलेली आणि निरुपयोगी आहे, असे केंद्राने न्यायालयात सांगितले आणि डिसेंबर २०२१ मध्ये राज्याची याचिका फेटाळली गेली. घराघरांत जाऊन, जनतेच्या पैशाने गोळा केलेली जातींची माहिती दहा वर्षे पेटीत पडून होती. चुका होत्या तर त्या कोणत्या, हे तपासायची संधी एकाही विद्यापीठाला मिळाली नाही.

या प्रकरणात फक्त माळी-धनगरांचे नुकसान झाले असे समजू नये. बागवान, मोमीन, खाटीक, तांबोळी, अत्तार, पिंजारी यांच्याही नगरपालिकेतल्या जागा त्यावर टांगलेल्या होत्या. पुढे राज्याच्या समर्पित आयोगाने २०२२ मध्ये अहवाल दिला, तेव्हा आडनावांवरून जात ओळखण्याच्या पद्धतीवर ओबीसी नेत्यांनीच कडाडून आक्षेप घेतला. मुसलमानांच्या बाबतीत तर ही पद्धत मुळातच लंगडी आहे. ‘शेख’ या आडनावावरून काय ओळखणार? शेख बागवानही असतो, खाटीकही असतो, शेतमजूरही असतो. कोणत्या गावात कोणती बिरादरी कोणते आडनाव लावते, याच्या याद्या आमच्या अभ्यासकांनी गावोगाव फिरून केलेल्या आहेत. त्या लघुप्रबंधांच्या परिशिष्टांत आहेत, म्हणजे कुठेच नाहीत. २०२७ च्या जनगणनेत जात नोंदवली जाईल असे केंद्राने २०२५ मध्ये जाहीर केले. प्रगणक दारात उभा राहील तेव्हा आमची माणसे त्या रकान्यात काय सांगणार आहेत? कोणी ‘मुसलमान’ सांगेल, कोणी ‘शेख’ सांगेल, आणि पुढची वीस वर्षे आम्ही त्या आकड्यांच्या नावाने ओरडत राहू.

महमूद-उर-रहमान अभ्यासगटाचेही असेच. राज्यातल्या मुसलमानांच्या स्थितीसाठी हा गट २००८ मध्ये नेमला गेला आणि २०१३ मध्ये त्याने अहवाल दिला. जुलै २०१४ मध्ये पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात शिक्षणातले आरक्षण तेवढे चालू ठेवले. डिसेंबरमध्ये अध्यादेशाचा कायदा न होता तो संपला. याचे राजकारण सगळ्यांना ठाऊक आहे. आमचा मुद्दा वेगळा आहे. अहवालाचे नाव घेणारे आमच्यात शेकडो आहेत. अहवालासाठी झालेल्या पाहण्यांची कोष्टके तालुकावार हातात घेऊन आपल्या पंचायत समितीपुढे बसलेला माणूस आम्हाला दाखवा. अहवाल सरकारला दिला जातो, पाहणी लोकांची असते. लोकांनी उत्तरे दिली, वेळ दिला, घरातले दारिद्र्य परक्यासमोर उघडे केले. ते त्यांना परत मिळायला नको का?

आकड्यांइतकीच दगडांची गोष्ट आहे. वक्फ सुधारणा कायदा एप्रिल २०२५ मध्ये आला, ६ जूनला ‘उम्मीद’ पोर्टल सुरू झाले आणि नोंद असलेल्या वक्फ मालमत्तांचा तपशील सहा महिन्यांत त्यावर चढवायचा होता. गावोगावचे मुतवल्ली जुने गॅझेट, सर्व्हेची यादी, सातबारा यांमागे धावले. मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या कमानीवर जो लेख कोरलेला असतो, त्यात बांधणाऱ्याचे नाव आणि हिजरी सन असते. असे हजारो अरबी-फारसी लेख पुरातत्त्व खात्याने वाचले, त्यांचे ठसे घेतले. या खात्याची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा आपल्याच नागपुरात आहे. तिथले डॉ. झियाउद्दीन देसाई यांनी पश्चिम भारतातल्या अरबी, फारसी आणि उर्दू शिलालेखांची गाववार सूची १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. दगड झिजतो, चुना फासला जातो, कमान पडते, मग ठसा हाच पुरावा उरतो. शिलालेखाने मालकी सिद्ध होते असा आमचा दावा नाही. पण इमारत किती जुनी आणि कशासाठी बांधलेली, हे सांगणारा तो साक्षीदार आहे. त्याचा ठसा आणि त्याचे वाचन मुतवल्लीला घरबसल्या, मराठी भाषांतरासह मिळाले पाहिजे.

हे जमत नाही असे नाही. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीसाठी १९१३ ते १९२९ या काळात तबकड्यांवर घेतलेले आवाज आज शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया डिजिटल ग्रंथालयात कोणालाही फुकट ऐकता येतात. मोल्सवर्थचा मराठी कोश आणि महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच शोधता येतात. आपल्याकडे राज्य मराठी विकास संस्था आणि डेक्कन कॉलेज यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण करून लोकांची ध्वनिमुद्रणे आणि शब्दांचे नकाशे संकेतस्थळावर ठेवले. प्रबंध लिहून होईपर्यंत त्यांनी वाट पाहिली नाही. कच्चा माल हेच मोल आहे, हे त्यांनी ओळखले. जगाने हे २००३ मध्येच बर्लिनच्या जाहीरनाम्यात मान्य केले होते आणि युनेस्कोने २०२१ मध्ये खुल्या विज्ञानाच्या शिफारशीत पुन्हा सांगितले की लेखाबरोबर त्यामागची सामग्रीही खुली असावी.

पैसे नाहीत, ही सबब आम्ही ऐकून घेणार नाही. परदेशी प्रकाशकांची नियतकालिके आपल्या शिक्षणसंस्थांना वाचता यावीत म्हणून केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके. विद्यार्थ्यांना ती मिळावीत, आमची ना नाही. पण दुसऱ्याचे छापील वाचण्यासाठी सहा हजार कोटी आणि आपल्या गावातून गोळा केलेली सामग्री जपण्यासाठी एक कपाट, हा कसला हिशेब? शिवाय यातला बराचसा भाग फुकट होतो. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेचे ‘झेनोडो’ भांडार २०१३ पासून कोणाही संशोधकाची सामग्री विनामूल्य ठेवून घेते आणि तिला कायमचा क्रमांक देते. ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर ध्वनिफीत चढवायला पैसे लागत नाहीत. लागते ती चार दिवसांची मेहनत.

आमचे संशोधक मित्र दोन आक्षेप घेतात. पहिला, ‘आम्ही घाम गाळायचा आणि दुसऱ्याने उचलून लेख लिहायचा.’ ही भीती खोटी नाही, चोर आहेत. पण चोर कुलपाला भीत नाही, तो नोंदीला भितो. तारखेसह, तुमच्या नावासह सामग्री जाहीर ठेवली की ती कोणाची हे जगजाहीर होते. हवे तर प्रबंधानंतर दोन वर्षे राखून ठेवा. पण वीस वर्षे उलटली, तुम्ही स्वतः त्यातून ओळ लिहिली नाही आणि दुसऱ्यालाही देत नाही, याला मेहनतीचे रक्षण म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. दंगलीत घर जळालेल्या बाईची मुलाखत, पोलीस कोठडीत मार खाल्लेल्या पोराची कहाणी, आंतरधर्मीय लग्न केलेल्या जोडप्याचा पत्ता, हे खुले करायचे? अजिबात नाही. आजच्या वातावरणात मुसलमानाचे नाव, गल्ली आणि व्यवसाय यांची यादी कोणाच्या हाती पडेल हे सांगता येत नाही. ज्याने विश्वासाने सांगितले त्याची संमती नसेल तर ते बंदच राहिले पाहिजे. पण माणूस झाकणे वेगळे आणि माहिती झाकणे वेगळे. नाव काढा, गल्ली काढा, वयोगट ठेवा, तालुका ठेवा, प्रश्न आणि उत्तरे ठेवा. जनगणना दर दशकात हेच करत आली. ज्यांना काहीच द्यायचे नसते, ते पुष्कळदा या आक्षेपाच्या आड लपतात.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलू. खुलेपणा आमच्या सोयीच्या आकड्यांपुरता चालणार नाही. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने दहा राज्यांतल्या ४,७१० मुस्लिम महिलांची पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. ९२.१ टक्के बायकांना तोंडी तलाक नको आहे, असा तिचा निष्कर्ष होता. काहींनी तो आकडा झेंड्यासारखा मिरवला, काहींनी ‘बायका निवडून घेतल्या’ म्हणून तो उडवून लावला. त्या गदारोळात तिची प्रश्नावली मागून घेऊन, तशीच दुसरी पाहणी आपल्या जिल्ह्यात करून दाखवणारे किती निघाले? आक्षेप घेणाऱ्या जमातींकडे माणसे होती, पैसा होता, प्रत्येक मोहल्ल्यात पोहोच होती. पण मोजायला गेले तर उत्तर गैरसोयीचे येईल, ही धास्ती होती. खुली सामग्री सर्वांनाच बांधते, आपल्यालाही. म्हणूनच ती हवी.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. सरकारी आयोग आणि अभ्यासगट यांनी अहवालाबरोबरच प्रश्नावली, व्याख्या आणि नावे वगळलेली कोष्टके मराठीत जाहीर करावीत. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातले चौथे कलम मागण्याआधीच माहिती प्रसिद्ध करायला सांगते, त्याची आठवण द्यावी. विद्यापीठांनी प्रबंधाबरोबर सामग्री जमा करून घ्यावी, जुने लघुप्रबंध स्कॅन करावेत आणि बढतीच्या गुणांत शब्दसूचीला, शिलालेखाच्या वाचनाला, ध्वनिफितींच्या संग्रहाला लेखाइतके स्थान द्यावे. मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये सोलापुरात सुरू झाले. तेव्हापासून परिसंवादांत वाचलेले निबंध, अध्यक्षीय भाषणांच्या पुस्तिका, स्मरणिका एका ठिकाणी आणून खुल्या कराव्यात. ज्यांच्या ट्रंकेत यातले काही आहे, त्यांनी ते या वर्षीच बाहेर काढावे.

लोकांना फायदा देत राहणारे इल्म माणसाच्या मागेही त्याच्या खात्यावर जमा होत राहते, हे आपल्याला लहानपणीच शिकवले गेले. विहीर खोदणाऱ्याने तिच्यावर झाकण घालून कुलूप लावले, तर त्याचा सवाब कोणाला? ज्यांनी आपल्या ओसरीवर बसवून, चहा पाजून, प्रश्नावली भरून दिली, त्यांची ती अमानत आहे. पुढच्या सभेत कोणी मुसलमानांविषयीचा आकडा सांगितला, तो आपल्या बाजूचा असो की विरोधातला, तर श्रोत्यांतून एकाने तरी उठून विचारावे: जनाब, सनद कुठे आहे?